ब्लूबर्डची पेटी आणि दीड इंचाचं दार

दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिवशी, महाराष्ट्रात ठिकठिकाणी चिमण्यांसाठी लाकडी घरटी वाटली जातात. ते योग्यच आहे. चिमणी इथलीच, आपल्या घरांच्या वळचणीला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. उत्तर अमेरिकेत मात्र हाच पक्षी उपरा आहे. तिथे मागच्या अंगणात ब्लूबर्डसाठी पेटी लावणाऱ्याला सगळ्यात मोठा घोर लागतो तो चिमणीचाच.

ब्लूबर्ड हा कस्तुराच्या कुळातला, बुलबुलाहून जरा लहान पक्षी. त्याच्या पूर्वेकडचा, पश्चिमेकडचा आणि डोंगरी अशा तीन जाती. पूर्वेकडच्या नराची पाठ झळझळीत निळी, छाती विटकरी आणि पोट पांढरं. तो घरटं करतो ढोलीत, पण ढोली कोरण्याजोगी चोच त्याला नाही. सुतारपक्ष्याने सोडलेलं भोक, फळबागेतलं पोखरलेलं झाड, कुंपणाचा कुजका लाकडी खांब, असं आयतं काही मिळालं तरच त्याचा संसार मांडला जातो. शेतीच्या पद्धती बदलल्या, वाळकी झाडं तोडली गेली, लाकडी खांबांच्या जागी लोखंडी आले आणि या जागा कमी होत गेल्या.

उरलेल्या जागांवर हक्क सांगायला दोन पाहुणे आले होतेच. १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात युरोपातून आणलेल्या चिमण्या सोडल्या गेल्या. १८९० मध्ये यूजीन शीफलिन यांनी त्याच शहरातल्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे ६० स्टार्लिंग सोडले. हा आपल्या भोरडीच्या जवळच्या नात्यातला पक्षी. दोघेही ढोलीतच घरटं करणारे, दोघेही भांडखोर आणि दोघेही बघता बघता खंडभर पसरले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्लूबर्ड अनेक भागांत दुर्मीळ झाला होता.

त्याला सावरलं ते सामान्य माणसांनी. १९३० च्या दशकात इलिनॉयमध्ये टी. ई. मसलमन यांनी रस्त्याकडेने ब्लूबर्डच्या पेट्यांची रांगच लावली. पुढे १९७८ मध्ये लॉरेन्स झेलेनी यांनी ‘नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी’ स्थापन केली. अमेरिकेत १९६६ पासून दरवर्षी होणाऱ्या विणीच्या पक्ष्यांच्या गणनेत पूर्वेकडच्या ब्लूबर्डची संख्या वाढत गेलेली दिसते. त्यात या पेट्यांचा वाटा मोठा आहे.

पेटीचं सगळं मर्म तिच्या भोकात आहे. पूर्वेकडच्या ब्लूबर्डसाठी ते बरोबर दीड इंचाचं, म्हणजे ३८ मिलिमीटरचं ठेवतात. ब्लूबर्ड त्यातून आत जातो, स्टार्लिंग अडतो. डोंगरी ब्लूबर्ड थोडा मोठा, म्हणून त्याच्यासाठी भोक जेमतेम २ मिलिमीटर वाढवतात. भोकाखाली बसायला दांडी मात्र कधीच लावू नये. ब्लूबर्डला तिची गरज नसते, फायदा होतो तो दांडगाई करणाऱ्यांचा. पेटी रंगरसायन न लावलेल्या, पाऊण इंच जाडीच्या लाकडाची असावी. वर हवेसाठी फटी, तळाला पाणी निथळायला भोकं आणि उघडता येईल अशी एक बाजू हवीच.

जागा निवडताना ब्लूबर्डची शिकारीची पद्धत लक्षात घ्यावी. तो फांदीवर किंवा तारेवर बसून खालच्या गवतातले नाकतोडे, भुंगेरे, अळ्या हेरतो आणि झेप घालतो. म्हणून गवत आखूड असलेली मोकळी जागा, जवळ एखादं झाड आणि जमिनीपासून ५-६ फुटांवर पेटी, हे त्याला मानवतं. आपल्या हद्दीत दुसरी ब्लूबर्डची जोडी तो खपवून घेत नाही, त्यामुळे दोन पेट्यांत शंभरेक मीटर अंतर ठेवतात. गवतावर कीटकनाशक मारणाऱ्याने पेटी लावण्यात काही अर्थ नाही. पिल्लांचं अन्नच तिथे मरतं.

आता चिमणीविषयी. स्टार्लिंगला भोकाच्या मापाने रोखता येतं, चिमणीला नाही, कारण ती ब्लूबर्डहून लहान. चिमणा पेटीत शिरतो, अंडी फोडतो, पिल्लं मारतो आणि आत अडकलेल्या मोठ्या ब्लूबर्डचंही डोकं टोचून त्याला ठार करतो. कधी कधी त्या मेलेल्या पक्ष्यावरच नवं घरटं रचलं जातं. हे वाचून वाईट वाटतं, आणि वाटावंच. म्हणूनच ज्याला दर आठवड्याला पेटी उघडून बघायला जमणार नाही, त्याने ती लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. देखरेख नसलेली पेटी चिमण्यांची संख्या वाढवते आणि ब्लूबर्डला सापळ्यात ओढते.

घरटं कोणाचं हे ओळखणं अवघड नाही. ब्लूबर्डचं घरटं म्हणजे गवताची किंवा पाइनच्या सुयांची नीटस वाटी. चिमणीचं म्हणजे गवत, पिसं, कागदाचे कपटे यांचा वरपर्यंत भरलेला पसारा. अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने स्थानिक पक्ष्यांना संरक्षण आहे. बाहेरून आणलेल्या चिमणी आणि स्टार्लिंगला ते नाही. त्यामुळे चिमणीचं घरटं काढून टाकता येतं, पण पाकोळी किंवा रेन अशा स्थानिक पक्ष्यांच्या घरट्याला हात लावणं गुन्हा ठरू शकतो. पेटी घरापासून आणि गोठ्यापासून दूर ठेवणं, दाणे घालताना बाजरीसारखं बारीक धान्य आणि पाव टाळणं, हे साधे उपायही बरंच काम करतात. ब्लूबर्डने पहिलं अंडं घातलं की पेटीच्या छपरावर चकचकीत पट्ट्या लोंबतील अशी चौकट लावतात. चिमण्या त्या फडफडीला बिचकतात. अंडं घातलेली मादी सहसा घरटं सोडत नाही, म्हणून घाई न करता त्या दिवसाची वाट पाहायची. पिल्लं उडून गेली की पट्ट्या काढून ठेवायच्या, नाहीतर चिमण्यांची भीड चेपते.

स्थानिक स्पर्धकांशी वेगळं वागावं लागतं. रेन हा इवलासा पक्षी ब्लूबर्डची अंडी टोचून टाकतो, पण तो झुडपांत रमणारा; पेटी झुडपांपासून शंभरेक फूट लांब असली तर त्रास कमी होतो. झाडपाकोळीसाठी उपाय आणखी सुंदर आहे: १५-२० फुटांवर दुसरी पेटी. पाकोळी दुसऱ्या पाकोळीला जवळ फिरकू देत नाही, पण ब्लूबर्ड शेजारी चालतो. दोघांची सोय होते.

रॅकून (तिथला झाडावर चढणारा निशाचर प्राणी), मांजर आणि साप यांच्यापासून बचावासाठी पेटी झाडावर किंवा कुंपणावर न लावता गुळगुळीत लोखंडी खांबावर लावावी आणि तिच्याखाली वरून बंद केलेलं, ८ इंच व्यासाचं, दोन फूट लांबीचं पत्र्याचं नळकांडं अडकवावं.

मादी रोज एक अशी चार-पाच फिकट निळी अंडी घालते आणि शेवटचं अंडं घातल्यावर उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं साधारण एकाच वेळी बाहेर येतात. उबवण्याचे १२ ते १४ दिवस, मग उडेपर्यंत आणखी १७ ते २० दिवस. पिल्लं १२-१३ दिवसांची झाली की पेटी उघडणं थांबवायचं, कारण दचकून ती वेळेआधीच बाहेर उडी घेतात. उडून गेल्यावर जुनं घरटं काढून पेटी स्वच्छ करायची. हंगामात दोनदा, दक्षिणेकडे तीनदाही, त्याच पेटीत पुन्हा अंडी पडतात.