तुमच्या ड्रायव्हरची मेमरी तपासणी: आम्ही काय करतो, तुम्ही काय पाठवायचं

ड्रायव्हर आमच्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा सोबत क्रॅश लॉग असतो आणि त्यात नाव भलत्याच मॉड्यूलचं असतं. यात नवल नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सगळे ड्रायव्हर एकाच अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये नांदतात. एकाने बफरची हद्द ओलांडून चार बाइट लिहिले, की डेटा बिघडतो शेजाऱ्याचा आणि कोसळतोही तोच, कधी कधी तासाभराने.

कधी काहीच कोसळत नाही, ते जास्त वाईट. केमॅलॉककडे (कर्नलमधलं मेमरी देणारं फंक्शन, kmalloc) १०० बाइट मागितले तर सहसा १२८ बाइटचा तुकडा हाती येतो. १०१वा बाइट लिहिला तरी तो मोकळ्या जागेत पडतो, चाचण्या पास! पुढे कोणी स्ट्रक्चर वाढवून बरोबर १२८ बाइटचं केलं, की एका बाइटची तीच चूक शेजारच्या ऑब्जेक्टमध्ये घुसते.

म्हणून तपासणीचा कर्नल आम्ही कासान (KASAN, मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) चालू करून बिल्ड करतो. ही सोय २०१५ पासून, म्हणजे आवृत्ती ४.० पासून, लिनक्समध्येच आहे. मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ शॅडो बाइट असतो, म्हणजे त्या आठांपैकी किती वापरता येतात याची नोंद, आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी तो तपासणारा कोड कंपायलर घालतो. वरच्या १०० बाइटसाठी पहिले १२ शॅडो बाइट शून्य असतात आणि तेराव्यात ४ असतो: या आठांपैकी पहिले चारच तुमचे. १०१व्याला हात लागला की जागच्या जागी रिपोर्ट येतो. कोणत्या फंक्शनने, किती बाइट, आणि ती मेमरी मुळात कोणी घेतली होती, सगळं त्यात असतं.

मात्र शॅडोला एक-अष्टमांश मेमरी जाते आणि वेग साधारण तिपटीने मंदावतो. ग्राहकाच्या मशीनवर हे चालवू नका. तिथे केफेन्स (KFENCE) हा हलका तपासनीस बरा (लिनक्स ५.१२ पासून). तो डीफॉल्टने दर १०० मिलिसेकंदांनी एखादंच अ‍ॅलोकेशन (मागून घेतलेला मेमरीचा तुकडा) पहाऱ्यात ठेवतो. एकट्यादुकट्या मशीनवर त्याच्या हाती फारसं लागत नाही, शेकडो मशीनवर लागतं.

जो कोड चाललाच नाही, त्यातली चूक कासानला दिसत नाही. एरर हँडलिंगच्या वाटा तर क्वचितच चालतात, म्हणून सिझकॉलर (syzkaller) या चाचणीच्या साधनाने उलटसुलट सिस्टिम कॉलचा, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे करतात त्या मागण्यांचा, मारा करतो.

सोर्ससोबत कर्नलची कॉन्फिग फाइल आणि डीबग माहितीसह व्हीएमलिनक्स (vmlinux, बिल्डमधून निघणारी कर्नलची फाइल) पाठवा, नाहीतर ओळ क्रमांक निघत नाहीत. तुमच्याकडे कासानचा रिपोर्ट आधीच आला असेल तर बूटपासूनचा पूर्ण लॉग द्या. डीफॉल्टने कासान पहिलाच रिपोर्ट छापतो आणि नंतर गप्प बसतो.