भाऊ एका कुळाचा, बहीण दुसऱ्या

आसामच्या दिमा हासाओ जिल्ह्यातले दिमासा म्हणजे एकेकाळच्या कचारी राज्याचे वारसदार. ब्रिटिशांनी त्या राज्याचा सपाटीचा भाग १८३२ मध्ये खालसा केला, डोंगराळ भाग १८५४ मध्ये. या समाजात सख्ख्या बहीण-भावांचं कूळ एक नसतं. मुलगा बापाच्या कुळाचा, मुलगी आईच्या. बापाकडून चालणारं कूळ म्हणजे सेंगफोंग, आईकडून चालणारं जुलू. परंपरेच्या हिशेबात सेंगफोंग ४० आणि जुलू ४२ आहेत.

वाटणीही तशीच. बापाची जमीन, गुरं, शस्त्रं मुलांकडे, आईचे दागिने, कपडे, विणकामाचं सामान मुलींकडे, भांडीकुंडी सगळ्यांची. मुलगी नसेल तर आईचे दागिने मुलाला मिळत नाहीत, तिच्या कुळातल्या जवळच्या बाईकडे जातात. लग्न ठरवताना मात्र दोघांच्याही दोन्ही बाजू, बापाचं सेंगफोंग आणि आईचं जुलू, पाहतात. सेंगफोंग जुळलं तरी लग्न नाही, जुलू जुळलं तरी नाही.

जनुकशास्त्र शिकलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल. वाय गुणसूत्र बाप फक्त मुलाला देतो, आणि त्याचा बहुतेक भाग पिढ्यान्‌पिढ्या जवळपास जसाच्या तसा उतरतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, अवघ्या ३७ जनुकांचा, आईकडून येतो. तो मुलालाही मिळतो, पण पुढे नेते ती मुलगीच. सेंगफोंग आणि जुलू याच दोन वाटांनी चालतात.

इथे ‘पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. प्रत्येकाला १६ खापरपणजी-खापरपणजोबा असतात. या नावांच्या हिशेबात त्यांतले दोनच उरतात, बापाचा बाप असं करत वर जाणारा एक आणि आईची आई असं करत जाणारी एक. बाकी १४ जणांचा डीएनए आपल्यात असतो, नाव नसतं. चुलत भावंडांचं सेंगफोंग एक, मावस भावंडांचं जुलू एक, म्हणून ती नात्यात अडतात. मामाच्या मुलीचं काय? आपल्याकडे तर ती बायको म्हणून हक्काचीच मानली जायची! नुसती ही दोन नावं ताडून पाहिली तर तिच्याशी लग्नाला सहसा आडकाठी येत नाही. डीएनएच्या हिशेबात मात्र चुलत, मावस, मामे, आते सगळी सारखीच, सरासरी १२.५ टक्के सामाईक. म्हणजे हा नियम रक्ताची जवळीक मोजत नाही, दोन वाटा जपतो. माझ्या मते तेवढंच काम पुरेसं अवघड आहे.

कारण हे सारं तोंडी चालत आलं. दिमासांच्या उत्पत्तिकथेतही आई-बाप दोघांची नावं शाबूत आहेत: बांगला राजा आणि दैवी पक्षीण आरिखिदिमा. तिने सात अंडी घातली. सहांतून देव निघाले, त्यांत सिब्राई. सातव्यातून रोगराई आणणारी भुतं. हे देव आजही पुजले जातात.

कागदावर मात्र तराजू एकीकडे झुकलाय. हसनू, लांगथासा, थाउसेन ही आज आपल्या कानावर पडणारी दिमासा आडनावं सेंगफोंगची आहेत. अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात एकच नाव मावतं, त्यामुळे जुलू सांभाळायचं काम अजूनही घरातल्या बायकांच्या आठवणीवरच आहे.