‘तोंडार रगात खंय आसा?’

१ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी बांगडे घेऊन येणाऱ्या आजीने पाटी खळ्यात उतरवली. पडवीत माझा भाचा लिंबाएवढं एक डोकं काडीवर खोचून रंगवत बसला होता. आजीने ते बोटांत धरून फिरवून पाहिलं आणि निकाल दिला, “रे झिला, ह्येच्या तोंडार रगात खंय आसा?”

भाचा हौशी संग्राहकांसाठी ‘हेड स्कल्प्ट’ रंगवतो. हे लोक नटांचे, सैनिकांचे एकषष्ठांश मापाचे, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर उंचीचे पुतळे जमवतात. डोकं थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये तयार होऊन येतं, चेहरा मात्र हाताने रंगवावा लागतो. हे डोकं त्याने स्वतःच्या हौसेखातर घेतलं होतं, एका म्हाताऱ्या तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं. सुरकुत्या नेमक्या, मिशी झकास, रंगही चेहऱ्याच्या फोटोशी ताडून मिसळलेला. तरी आजी म्हणाली तेच खरं. माणूस मेलेला दिसत होता.

याचं कारण, कातडीचा रंग कातडीच्या वर नसतोच.

अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरून बघा. बोट लालभडक पेटल्यासारखं दिसतं. चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के भाग पृष्ठभागावरून परततो, आणि तीच आपल्याला दिसणारी तकाकी. बाकीचा आत घुसतो. वरचा थर, बाह्यत्वचा, सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो आणि कातडीला सावळेपणा देणारं मेलॅनिन त्यात असतं. त्याखालच्या थरात रक्ताच्या केशवाहिन्या. तिथे प्रकाश तंतूंवर आपटत, दिशा बदलत भटकतो आणि शिरला त्यापेक्षा वेगळ्याच जागी बाहेर पडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश गिळतं, लाल बव्हंशी सोडून देतं. त्यामुळे निळ्या प्रकाशाची धाव मिलिमीटरभरातच संपते आणि लाल प्रकाश काही मिलिमीटर हिंडून येतो. नाकाच्या सावलीची कड जिवंत माणसात किंचित तांबूस असते ती यामुळे.

‘शिरांतलं रक्त निळं असतं’ हा समजही इथेच निकालात निघतो. शिरेतलं रक्त गडद लालच असतं. पण खोलवरची शीर तिथवर पोचलेला लाल प्रकाश शोषते. निळा तिथपर्यंत जातच नाही, तो वरूनच परततो. आजूबाजूच्या कातडीच्या मानाने तेवढ्या पट्टीतून लाल कमी येतो आणि डोळा तिला निळी ठरवतो. दाढी केलेली हनुवटी निळसर दिसते त्यामागेही हाच हिशोब आहे, कातडीखाली केसांचे काळे खुंट असतात.

मग पुतळाच कातडीसारख्या अर्धपारदर्शक रेझिनचा का करू नये? केला तर तो मेणबत्ती दिसतो. डोकं सहापट लहान झालं तरी प्रकाश लहान होत नाही. खऱ्या कानात जेवढा शिरतो तेवढाच तो या इवल्या कानात शिरतो आणि आरपार जातो. सुरकुत्या विरघळतात. म्हणून आधी अपारदर्शक प्रायमर मारून प्रकाशाला बाहेरच थोपवायचं आणि मग त्याच्या भटकंतीचं सोंग ब्रशने आणायचं. नाकाचा शेंडा, गाल, कानाच्या पाळ्या इथे लाल, कपाळावर पिवळट, हनुवटीवर राखाडी-निळा. आणि हे सगळं पाण्यासारख्या पातळ, पारदर्शक हातांनी, एकावर एक. दहा-पंधरा हात सहज होतात. शाळेतल्या खडूंच्या डबीत ‘स्किन कलर’ नावाची एक गुलाबी कांडी असायची. तिने रंगवलेली सगळी माणसं आजारी का दिसायची, ते मला पन्नाशीत कळलं.

आता माझ्या आवडीचा भाग. रंग पारदर्शक कुठे होतो आणि अपारदर्शक कुठे? प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना थोडा परततो. किती, ते दोघांच्या अपवर्तनांकावर, म्हणजे प्रकाश त्या पदार्थात किती मंदावतो ते सांगणाऱ्या अंकावर ठरतं: दोन्ही अंकांच्या वजाबाकीला बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. ॲक्रिलिकचा अंक १.४९, पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७. गणित मांडलंत तर दर सीमेवर ८ टक्क्यांहून जास्त प्रकाश परततो. त्याच ॲक्रिलिकमध्ये खडूची पूड घाला. तिचा अंक सुमारे १.६, आणि परतणारा प्रकाश ०.१ टक्क्याच्या जरा वर. साठपटीहून जास्त फरक! रंगाच्या थरात असे कण असंख्य असतात, त्यामुळे टायटॅनियमचं एक बोट आतलं सगळं झाकून टाकतं. पहिल्या डोक्यात भाच्याने कातडीच्या प्रत्येक छटेत हा पांढरा मिसळला होता. आतले थर जिवंत गाडले गेले. (एका थरातून किती प्रकाश परततो आणि किती खाली झिरपतो याचं गणित पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली मांडलं. समीकरणं इथे देण्याचा मोह आवरतो.)

कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. भिंतीला चुना मारताना ओला हात पारदर्शक दिसतो आणि ‘काही बसलंच नाही’ असं वाटतं. सुकला की पांढराफेक. पाणी गेलं, कणांमध्ये हवा शिरली, सीमेवरचा फरक वाढला. उलट पहिल्या पावसात जांभ्याचा चिरा काळपट होतो. त्याच्या भोकांत पाणी भरतं, फरक कमी होतो, प्रकाश खोल जातो आणि तिथेच मुरतो.

याच नियमाने जुलैत आमची फजिती केली. दुसरं डोकं सुरेख जमलं होतं. शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि तांडेल दहा मिनिटांत पीठ लावल्यासारखा पांढरा. घरात लगेच ‘दृष्ट लागली’ सुरू झालं, मीठमोहऱ्यांची वाटीही निघाली. दृष्ट वगैरे काही नाही. आर्द्रता नव्वदीला टेकलेली. वार्निशमधलं द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार करतं, त्यावर हवेतलं बाष्प जमतं आणि त्याचे सूक्ष्म थेंब थरात अडकतात. ते सुकल्यावर मागे उरलेल्या खाचा प्रकाश विखुरतात, चुन्यासारख्याच. उपायही जांभ्याचाच: कोरड्या दिवशी, दिव्याच्या उबेत, चकचकीत वार्निशचा पातळ हात. त्याने खाचा भरल्या आणि चेहरा परत आला. त्यावर मॅटचा हात ऑगस्टपर्यंत थांबला.

डोळे त्याने गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, शिकलेल्या हाताने आखले. तिथे आखणी शेवटी आणि जाणत्याकडेच असते, ते उगाच नाही. एकषष्ठांश डोळा ४ मिलिमीटरचा, बुबुळ २ मिलिमीटरचं. दुसरा माणूस कुठे बघतोय हे आपण बुबुळाच्या दोन्ही बाजूंना किती पांढरं दिसतं त्यावरून ओळखतो. बुबुळ ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढं सरकलं की नजर जवळजवळ ६ अंशांनी वळते. एकच डोळा चुकला तर तिरळेपणा पक्का. यासाठी ‘एका केसाचा ब्रश’ लागतो, ही थाप आहे. एका केसावर रंग टेकण्याआधीच सुकतो. चांगल्या ब्रशला पोट हवं आणि टोक हवं. सुकल्यावर डोळ्यावर चकचकीत वार्निशचा एक थेंब पडला की खिडकीचा उजेड त्यात चमकतो.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि आजी आली. भाच्याने डोकं पुढे केलं. तिने ते दारातल्या उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “आता जितो आसा. पण ह्येचे कान कोणी पिळले?”

गोम अशी, की ही लाल-पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची कृती गोऱ्या चेहऱ्यांसाठी बेतलेली. सावळ्या कातडीत मेलॅनिन प्रकाशाचा बराच वाटा जाता-येता दोन्ही वेळा खातं, त्यामुळे आतला लाल एवढा वर येत नाही. पृष्ठभागावरची ४ टक्के तकाकी मात्र तेवढीच राहते आणि गडद पार्श्वभूमीवर उलट उठून दिसते. चाळीस वर्षं उन्हात होडी हाकणाऱ्याच्या गालाच्या हाडावर घामाची चमक हवी, कानात जास्वंद नको.

हे मी त्याला समजावून सांगेपर्यंत त्याने तपकिरी रंगाची बाटली हलवायला घेतली होती. आजी मात्र थांबली नाही, तिचे बांगडे उन्हात होते.