टाके निघाले, पुढचं कोणी बघायचं?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या मनाचीही दखल घ्यायची असते, हे डॉक्टरांच्या आधी त्या आजारातून गेलेल्या बायकांनीच ओळखलं. कोकणात आजही हे काम बरंचसं त्यांच्याच भरवशावर चालतं.

अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी 1882 पासून रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही काढत. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ हाच शिरस्ता होता. छाती खोलगट व्हायची, हात सुजायचा, वर जायचा नाही. जीव वाचला ना, मग तक्रार कसली? 1952 मध्ये टेरेस लॅसर या न्यूयॉर्कच्या बाईंवर हीच शस्त्रक्रिया झाली. घरी गेल्यावर कसं वागायचं हे सांगणारं कोणीच भेटेना, तेव्हा त्या स्वतःच इतर रुग्णांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. सोबत व्यायामासाठी रबरी चेंडू नि दोरी, आणि स्तनाच्या जागी घालायचा तात्पुरता पॅड. काही डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. तरी 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचं 'रीच टू रिकव्हरी' हे काम आपल्याकडे घेतलं. न्यूयॉर्कच्याच स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कर्करुग्णांसाठी वेगळा विभाग उभारला तो 1977 मध्ये.

1989 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासातून असं दिसलं की गटात बसून बोलणाऱ्या बायका जास्त जगल्या. पुढच्या अभ्यासांत आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. त्रास, भीती, उदासी मात्र कमी झाली. हे सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण 'मन घट्ट कर, बरी होशील' म्हणतो. उद्या आजार उलटला तर दोष पुन्हा तिच्याच मनाचा!

कोकणातल्या बायकांसाठी या आजाराचा रस्ता परळला जायचा. टाटा रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं आणि गिरणगावात कोणा ना कोणा गाववाल्याची खोली असायचीच. नाहीतर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथल्या बायका एकमेकींना जे सांगत, तेच अनेकींचं पहिलं समुपदेशन. मुंबईत पुढे स्वयंसेवी संस्था आल्या. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी 1994 मध्ये 'व्ही केअर' सुरू केली. पण टाके निघाले की बाई एसटीत बसायची, 1998 नंतर कोकण रेल्वेत, आणि हा आधार मुंबईतच राहायचा.

अंतराचा आणखी एक परिणाम झाला. फक्त गाठ काढून स्तन वाचवता येतो, हे 1980 च्या दशकात इटलीतल्या आणि अमेरिकेतल्या चाचण्यांनी दाखवून दिलं. पण त्यानंतर काही आठवडे रोज रेडिएशन घ्यावं लागतं. मुंबईत तेवढं राहणं न परवडणाऱ्या घरात सगळा स्तन काढून मोकळं होण्याकडेच कल राहतो.

घरी आल्यावर काय होतं? ब्लाऊजमध्ये घातलेली कापसाची पुरचुंडी हलकी असते, वाकलं की वर सरकते. सुजलेल्या हातात हिरव्या बांगड्या चढत नाहीत. लावणीला चिखलात उतरायचं तर त्या हाताला जखम होऊन चालत नाही. गौरीच्या ओवशाला चाकरमान्यांनी भरलेल्या घरात पदर सावरत वावरायचं. नवऱ्याशी याबद्दल बोलायचं कसं, हे तर कोणीच सांगत नाही.

मानसोपचाराचं नाव काढायची इथे चोरीच. कोकणात मनाचा डॉक्टर म्हटलं की पहिल्यांदा रत्नागिरीचं मनोरुग्णालय डोळ्यांसमोर येतं, आणि 'मी काय वेडी आहे?' हा प्रश्न ठरलेला.

या शतकाच्या सुरुवातीला टाटाने चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाबरोबर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत तपासणीचं काम सुरू केलं. गाठीविषयी गावातच बोलणं निघू लागलं, हा मोठाच फरक. ऑक्टोबर 2022 पासून 'टेली मानस' या फोनवर मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. मात्र ही सेवा सगळ्याच मानसिक त्रासांसाठी आहे, आणि एका खोलीत सासू-मुलं असताना फोनवर बोलणार किती? म्हणून वाडीतली बाई आधी विचारते ती ऑपरेशन झालेली दुसरी कोणी जवळपास आहे का, हेच.