रतांब्याच्या बरणीत पाणी येतं कुठून?

मे महिन्यात कोकणातल्या घराघरांत एखादी काचेची बरणी उन्हात ठेवलेली दिसतेच. आत रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळाच्या, सालीच्या वाट्या आणि साखर, एकावर एक थर. सकाळी भरली तेव्हा बरणी कोरडी ठणठणीत होती. पाण्याचा थेंब घातला नाही, गॅस पेटवला नाही. तरी संध्याकाळी तळाशी सरबताचा लालभडक पाक जमलेला असतो.

हे पाणी रतांब्याचंच. ताज्या सालीत वजनाच्या सुमारे 80 टक्के पाणी असतं. पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून पाणी आरपार जातं, साखरेला मात्र सहज वाट मिळत नाही. त्यामुळे आतलं पाणी साखरेकडे ओढलं जातं. यालाच परासरण म्हणतात; कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तेही यामुळेच. पाणी गेलं की पेशी आक्रसते, काही दिवसांत पडदाच फाटतो, आणि मग रंग, आंबटपणा, वास सगळं पाकात उतरतं.

आता साखर किती? माझ्या मते इथे हात आखडता घेऊच नये. एक किलो सालीत साधारण 800 ग्रॅम पाणी. दीड किलो साखर घातली, तर साखर आणि पाणी मिळून होणाऱ्या पाकात साखर 65 टक्के भरते. एवढ्या घट्ट पाकात पाणी असतं, पण ते साखरेने धरून ठेवलेलं. जंतूंना ते सहजी मिळत नाही. उलट पाकच त्यांच्या पेशीतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे ज्या ओढीने पाक तयार झाला, तीच पुढे त्याची राखण करते. जोडीला रतांब्याची आंबट धार आहेच. ‘कमी गोड बरं’ म्हणून किलोला किलोच साखर घेतली, की प्रमाण 55 टक्क्यांवर येतं आणि यीस्टला, म्हणजे किण्वाला, फावतं. गोड कमी हवं असेल तर ग्लासात पाक कमी घ्यावा, बरणीत साखर कमी करू नये.

त्याच आंबटपणामुळे उन्हात आणखी एक गोष्ट घडते. साखरेचा रेणू हळूहळू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. या मिश्रणाचे खडे लवकर धरत नाहीत, म्हणून हा पाक महिनोन्‌महिने वाहता राहतो. भरभर व्हावं म्हणून उकळण्यात मात्र नुकसान आहे. रतांब्याचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. जास्त उष्णतेने तो तपकिरी पडतो आणि ताजा वासही उडतो.

माझी एक बरणी साखर पुरेशी घालूनही बिघडली होती. वरच्या दोन वाट्यांवर पांढरी बुरशी, खालचा पाक मात्र चांगला दिसत होता. सगळंच टाकावं लागलं, आणि फार वाईट वाटलं. चूक झाकणाखाली होती. उन्हाने पाकातलं पाणी वाफ होऊन झाकणाला लागतं, रात्री त्याचे थेंब होतात आणि वरच्या थरावर पडतात. तेवढ्याच जागी पाक पातळ होतो आणि बुरशीला तेवढी जागा पुरते. तेव्हापासून मी दिवसा बरणीच्या तोंडाला पातळ फडकं बांधते, झाकण रोज पुसते, आणि कोरड्या लाकडी चमच्याने वरच्या वाट्या खाली दाबून बरणी तळापासून ढवळते.