ॲक्टिंग (विदर्भातील वापर)

ॲक्टिंग हा इंग्रजीतून आलेला शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला. विदर्भाच्या खेड्यांत तो दोन अर्थांनी चालतो : नाटकातले काम आणि खोटा आव. दुसऱ्याच्या पदाचा तात्पुरता कारभार पाहणे हा त्याचा तिसरा इंग्रजी अर्थ मात्र गावात पोचला नाही. तिथे ‘चार्ज’ने जागा आधीच धरली होती.

नाटकाच्या अर्थाने हा शब्द ऐकावा तो झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखात. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक लागते. ते पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. इथे भूमिकेला ‘पार्ट’ म्हणतात, आणि पार्ट चांगला झाला म्हणजे आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. शहरी समीक्षक ज्याला भडक म्हणतो, ते इथे निम्मे तरी अंतराचे गणित असते : उघड्यावर, थंडीत, घोंगडी पांघरून दूर बसलेल्या माणसाला भुवईची हालचाल दिसत नाही. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या रंगभूमीच्याही आधीपासून चालत आलेल्या दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्याच्या प्रकारांत स्त्रीपार्ट पुरुषच करीत.

भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. ‘अभिनय’ म्हणजे ‘नी’ या धातूला ‘अभि’ लागून झालेला शब्द; अर्थ प्रेक्षकाकडे नेणे. शब्द देखणा आहे, पण पारावर तो कोणी उच्चारत नाही.

पारावरचा जुना शब्द ‘सोंग’. हिंदीतला ‘स्वांग’ त्याचा सख्खा भाऊ. ॲक्टिंगचे पहिले दोन्ही अर्थ तो एकटाच सांभाळत आला आहे. दारोदार फिरणारा बहुरूपी, म्हणजेच रायरंद, पोलिसाचे सोंग घेऊन अंगणात दरडावतो. घरच्यांना तो खरा नाही हे ठाऊक असते, तरी ते घाबरल्यासारखे करतात आणि पसाभर धान्य देतात. इथे सोंग कलाही आहे आणि पोटही. उलट कापूस वेचायच्या दिवशी नेमके ज्याचे पोट दुखते त्याचे सोंग वेगळे. त्याला आई पूर्वी ‘सोंगं नको करू’ म्हणे, आता म्हणते, ‘काहून रे, लय ॲक्टिंग करून रायला?’ शब्द बदलला, संशय तोच. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ ही म्हण मात्र जुनाच शब्द धरून आहे. ॲक्टिंग तिच्यात बसत नाही.

सोयाबीनची ‘सोंगणी’ म्हणजे कापणी. तिचा या सोंगाशी संबंध नाही, पण बाहेरून आलेला माणूस एकदा तरी चकतो.

तिसऱ्या अर्थाची सरकारी मराठी ‘प्रभारी’, ‘हंगामी’ किंवा ‘अतिरिक्त कार्यभार’ अशी. सरपंच गावात नसले तर उपसरपंच काम पाहतात, तलाठ्याकडे शेजारच्या साज्याचाही, म्हणजे दुसऱ्या तलाठ्याच्या हद्दीचाही, ‘चार्ज’ असतो. ‘कार्यकारी’ हा शब्द मात्र घोटाळ्याचा. कार्यकारी अभियंता हा कोणाच्या बदल्यात बसलेला नसतो, ते त्याचे स्वतःचेच पद. कार्यकारी अध्यक्ष मात्र कधी कधी दुसऱ्याच्या जागी असतो. मुख्याध्यापकाचे पद रिकामे असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्येष्ठ गुरुजींवर ‘प्रभारी मुख्याध्यापक’ हा पार्ट येतो : वर्गही तेच घेतात, पोषण आहाराच्या तांदळाची नोंदही तेच ठेवतात, आणि सहीखाली ‘प्र.’ एवढे एक अक्षर जास्त लिहितात.