सोळावा वाढदिवस नव्हे, जन्मवर्ष पाहा

इटलीची एखादी ज्युनिअर जिम्नॅस्ट चमकली की हमखास ऐकू येतं: ‘सोळा पूर्ण झाल्याशिवाय ती सिनिअर गटात खेळू शकत नाही.’ हे चूक आहे. जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा १९९७ पासूनचा नियम वाढदिवस पाहत नाही, वर्ष पाहतो. ज्या वर्षी मुलगी सोळाची होणार, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ती सिनिअर. इटलीची जिम्नॅस्ट मानिला एस्पोझितो हिचा जन्म २ नोव्हेंबर २००६ चा. म्हणजे २०२२ चे पहिले दहा महिने ती पंधराचीच असूनही सिनिअर होती. (मुलग्यांसाठी हीच मर्यादा अठराची.)

‘ज्युनिअरची साधनं सोपी’ हाही गैरसमजच. बीम, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायची अरुंद पट्टी, तोच: ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर उंच. पडलात तर पूर्ण १ गुण जातो. बदलते ती चुरस. घाईने अवघड कसरत घातली आणि उतरताना पाय नीट रोवला गेला नाही, की त्या अवघडपणाने वाढलेले गुणाचे दशांश तिथेच गळतात. इटलीच्या जॉर्जिया व्हिला, एलिसा इओरिओ आणि दामातो जुळ्या बहिणींनी २०१८ मध्ये युरोपियन ज्युनिअर सांघिक सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी, सिनिअरच्या पहिल्याच मोसमात, श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत त्या सांघिक कांस्य जिंकणाऱ्या इटलीच्या संघात होत्या. पाया पक्का असला की असं घडतं!